दारवाले अण्णा

वसईतल्या निर्मळहून पहाटेची एसटी, नालासोपाऱ्याहून लोकल, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे आणि मग कुर्ला. अण्णांनी ही वाट उभा जन्म तुडवली. कशासाठी, तर फियाटची दारं बसवायला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ते कामाला होते. वाडीतली माणसं त्यांना ‘कंपनीतले’ म्हणत, आई मात्र चिडली की ‘दारवाले’ म्हणायची.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेली ही कंपनी. पन्नाशीच्या दशकात तिथून निघालेल्या गोलमटोल गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलं. १९६४ साली डिलाइट आली, आणि पुढची साडेतीन दशकं तिचाच सांगाडा चालला. १९७२ मध्ये ती प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव असलेल्या गाडीला अण्णा मरेपर्यंत फियाटच म्हणत राहिले. अॅम्बेसेडरचं नाव निघालं की मात्र ‘सरकारी’ एवढंच म्हणून गप्प बसत.

रोज इतकी दारं हातांखालून जायची, पण घरी गाडी येण्याचं कारणच नव्हतं. तेव्हा पैसे असणारेसुद्धा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. आमच्याकडे गाडी दिसायची ती लग्नात, झेंडूच्या माळा घातलेली आणि मुंबईच्या कुणा पाहुण्याकडून मागून आणलेली. अण्णा वऱ्हाडातून हळूच निसटत, नवरदेवाच्या गाडीचं दार उघडत, वीतभर सोडून ढकलत आणि कान देत. खालचं रबर गेलंय का, बिजागरी बसलीय का, हे त्यांना आवाजावरून कळायचं. नवरी रडतेय, सनई चाललीय आणि आमचे तीर्थरूप दार वाजवताहेत. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी एक जुनी पद्मिनी घेतली. साय रंगाची, दोघांनी वापरून सोडलेली. आईला केळीच्या वाडीसाठी पंप हवा होता. ती आठवडाभर बोलली नाही. मग निर्मळच्या जत्रेला पुढच्या सीटवर जाऊन बसली. पुढचं सीट सलग, बाकासारखं. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या बुडाशी असल्यामुळे मधली जागा मोकळी. अण्णा, आई आणि मधे आमची धाकटी. मागे किती माणसं असत ते विचारू नका. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक घोड्यांचं बळ. घोडबंदरच्या चढाला ती खोकायची, पण कधी थांबली नाही. मुंबईला जायचं तर तोच रस्ता होता. रेल्वे नायगाव-भाईंदरची खाडी काही मिनिटांत पार करते, गाडीला मात्र हायवे गाठून वर्सोव्याच्या पुलावरून वळसा. वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली ती २०२४ च्या फेब्रुवारीत. बोटीवर फियाट चढवायला अण्णांनी वाटेल ते केलं असतं.

समुद्राचा वारा आमच्या दारात, त्यामुळे पत्र्याला गंज ठरलेला. दर रविवारी अण्णा अंगणात उकिडवे बसून गाडीच्या दारांच्या तळाशी नारळाचा हीर घालत. काच खाली-वर होते त्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. भोकं मातीने बुजली की पाणी आतच साचतं, आणि बाहेरून रंग चकचकीत असतानाच पत्रा आतून सडत जातो. चारही दारं, एकेक भोक. हीर ओला निघाला की ते तो माझ्यासमोर धरत. बोलत काही नसत.

दरम्यान वसई बदलली. अंबाडी रोडच्या सोसायट्यांमध्ये एकशेअठरा एनई दिसू लागली, मग मारुती थाउजंड, एस्टीम, सिएलो. प्रत्येकीचं दार अण्णांनी वाजवून पाहिलं. मालक ओळखीचा असो वा नसो. १९९८ साली होंडा सिटी आली, तिचं दार त्यांनी दोनदा लावलं आणि म्हणाले, “हे काम शिकण्यासारखं आहे.” पुढे चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी कराची सवलत मिळाली आणि त्या मापात बसवायला इंडिगोची, नंतर डिझायरची डिकी छाटली गेली. अण्णांनी टेप काढून आपली पद्मिनी मोजली. ती चार मीटरच्या आतच होती, डिकीसकट. तो दिवसभर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

२०१३ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. पालघर जिल्हा झाला त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे जन्मले ठाणे जिल्ह्यात आणि गेलेही ठाणे जिल्ह्यातच. बंगलीच्या दवाखान्यात नेताना गाडी माझा भाऊ चालवत होता. अण्णा आईच्या खांद्यावर मान टाकून पुढेच बसले होते, त्या सलग सीटवर. आजच्या बहुतेक गाड्यांत त्यांना तसं नेता आलं नसतं. मधे हँडब्रेक येतो.

गाडी ठेवायची म्हटलं तरी चालवणार कोण? आईला ती अंगणात बघवेना. शेवटी नालासोपाऱ्याचा एक टॅक्सीवाला मेकॅनिक आला. त्याने बोनेट उघडलं, तोंड वाकडं केलं. चासीला हात लावला, मान हलवली. मग दार उघडून सोडलं आणि थबकला. दुसरं लावलं, तिसरं लावलं. “ही दारं बदललीत का?” त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने हिशेब बदलला. बाकीची गाडी वजनावर घेतली, दारांचे पैसे वेगळे मोजले. मुंबईत तेव्हा पद्मिनीच्या टॅक्स्या बऱ्याच होत्या आणि चांगलं दार मिळणं कठीण झालं होतं. आई आत निघून गेली. मी पैसे घेतले.

ती दारं कुठल्या टॅक्सीला लागली, कोण जाणे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. त्या हिशेबाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उरलीसुरलीही रस्त्यावरून उतरली. तोवर मी दादरला उतरलो की टॅक्सीच्या दारांकडे बघायचो. अण्णांसारखा कान मात्र मला नाही.

आता आमच्याकडे एमएच ४८ च्या पाट्या लावलेल्या उंच गाड्यांची रांग असते आणि डिकीवाली गाडी शोधावी लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमच्या ओळखीत कुणाच्या पडवीत अजून फियाट उभी असेल, किंवा कुठलीही गाडी असेल, तर मृग लागायच्या आत दारांच्या तळाची भोकं तेवढी मोकळी करून घ्या. नारळाचा हीर पुरतो. तार घालू नका, तारेने रंग खरवडतो.