शस्त्र, शास्त्र आणि किल्ली

छंद म्हणून कोणी घड्याळें उघडतो, कोणी गुलाबाचीं कलमें बांधतो. परंतु बंदूक घडविण्याचाही छंद असूं शकतो, हें आमच्या घरांत अलीकडेच समजलें. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत राहणारा व तेथील नागरिक झालेला आमचा पुतण्या आखूड नळीची रायफल स्वतः बनविणार, हें ऐकून वहिनी घाबरल्या. "भावोजी, तो तुमचें ऐकतो, हें वेड सोड म्हणून लिहा त्याला," असें त्या म्हणाल्या. लिहिण्यापूर्वीं आम्हीं तेथील कायदा समजून घेतला.

आपल्याकडे परवान्यावांचून बंदूक घडविणें हा १९५९ च्या शस्त्र-कायद्यानें घोर अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें त्यास ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. तेथें मुभा आहे, पण ती मोकाट नव्हे. टोळीवाल्यांच्या गोळीबारानें लोक त्रासले असतां १९३४ सालीं तेथें कायदा झाला. मशीनगन, आवाज दाबणारी नळी, आखूड रायफल इत्यादि शस्त्रांची नोंद सक्तीची झाली व घडणीवर २०० डॉलर कर बसला. रायफलीची नळी १६ इंचांहून आखूड असली, कीं हा कायदा लागतो. १९८६ पासून खासगी गृहस्थास नवी मशीनगन घडवितां येत नाहीं. १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलीवरील कर शून्यावर आला. नोंद मात्र सुटली नाहीं. कित्येक राज्यांत तर अशी रायफल मुळींच चालत नाहीं.

आधीं अर्ज, छायाचित्र, बोटांचे ठसे व स्थानिक पोलीस-अधिकाऱ्यास प्रत. मंजुरीवांचून नळी कापणें हा गुन्हा. पुढें घडविणाऱ्यानें आपलें नांव, गांव व राज्य धातूवर कोरावयाचें, तेंही निदान इंचाच्या तीन सहस्रांश खोल. हा नियम आम्हांस फार आवडला. निबंधाखालीं नांव घालावयास लावलें कीं मुलाचें अक्षर सुधारतें, हा आमचा शाळेंतील अनुभव.

परंतु सरकारी मोहोर कपाटास कुलूप लावीत नाहीं, आणि पुतण्याच्या घरीं पांच वर्षांचें मूल आहे. अज्ञातवासांत पांडवांनीं शस्त्रें शमीवृक्षावर ठेविलीं, व कोणी जवळ फिरकूं नये म्हणून तेथें प्रेत बांधलें. एवढ्या वीरांनाही ठेवणीची चिंता होती!

म्हणून आम्हीं पुतण्यास मनाई केली नाहीं. लिहिलें तें इतकेंच: अर्जापूर्वीं पोलादी पेटी आण, गोळ्या निराळ्या कुलुपांत ठेव, आणि सूनबाईची संमति घे. ती नको म्हणाली, तर तेथेंच थांब. शस्त्र घडविण्याची परवानगी राज्य देऊं शकतें; तें घरांत ठेवण्याची परवानगी घरच्यांनींच द्यावयाची असते.