मोटार चालू झाली आहे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगतं. ही म्हण कुठून आली याच्या मी चार गोष्टी ऐकल्यात, चारही वेगळ्या. थंडीपुरती मात्र ती मला पटते. मे महिन्यात ४४ अंशांत भाजणारी परभणी डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांवर येते, हे पुण्यातल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसतात. पेपरात छापून येणारा तो आकडा बहुतेकदा आमच्या कृषी विद्यापीठातला असतो. सपाट उघडं रान, कोरडी हवा, वर ढगाचा तुकडा नाही. दिवसभराची ऊब रात्री अडवून धरायला काहीच नसतं.

जर्मनीचा आमच्याशी आणखी एक संबंध आहे, तो डिझेल इंजिनाचा. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्गला नीट चाललं. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. पण इंजिनाचं लोखंडच गार पडलेलं असेल तर ती ऊब लोखंडच खाऊन टाकतं. त्यात ऑइल घट्ट झालेलं, बॅटरी मलूल. म्हणून जानेवारीत सकाळी आमच्या गल्लीत ट्रॅक्टर घरघरतात आणि गप्प बसतात. उपाय ठरलेले आहेत. रात्रीच ट्रॅक्टर उताराला लावून ठेवायचा (सपाट गावात उतार मिळणं सोपं नाही, देवळामागच्या उतारावरून भांडणं झालीत), नाहीतर चुलीवर पाणी तापवून रेडिएटरमध्ये ओतायचं. काहीजण हवेच्या तोंडाशी पेटतं फडकं धरतात. ते दिसलं की मी लांब जाऊन उभी राहते.

माझा मामेभाऊ कॅनडात विनिपेगला असतो. तिथे जानेवारीत उणे तीसही होतं. त्याच्या गाडीच्या पुढच्या जाळीतून एक वायर आणि प्लग लोंबतो. फोटो बघून मला वाटलं, इलेक्ट्रिक गाडी घेतली. तो ब्लॉक हीटर होता. आपल्या बादलीत सोडायच्या रॉडचाच भाऊ म्हणा. इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये तो बसवतात. साधारण ४०० ते १००० वॅटचा, निघायच्या दोन-चार तास आधी लावायचा. अमेरिकेत नॉर्थ डकोटामधल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या माणसाने १९४० च्या दशकात असा हीटर बनवला. विनिपेगमध्ये पार्किंगलाही सॉकेट असतात. आईला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, “गाडीला पण शेकायला लागतं व्हय?”

त्यावर रिमोट स्टार्ट. भाऊ स्वयंपाकघरातून बटण दाबतो, खाली गाडी सुरू होते, चहा संपेपर्यंत सीट गरम. त्याचं म्हणणं असं, की उणे तीसमध्ये नुसत्या बटणाचा भरवसा नाही. आधी प्लग, मग बटण. आणि बंद गॅरेजमध्ये गाडी असेल तर बटणाला हातच लावायचा नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो. त्याची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. हे व्हिडिओ येतात तेव्हा आमच्याकडे अण्णा रात्रीच्या पाण्याची तयारी करत असतात.

कारण रिमोट स्टार्ट आमच्याकडेही आहे, विहिरीवर. शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्या पगारातून मोबाईल स्टार्टर बसवून दिला. पेटीत सिमकार्ड असतं. त्या नंबरला फोन लावायचा, एक दाबलं की मोटार चालू, दोन दाबलं की बंद. एखादा फेज नसेल तर तेही कळवते. साधा ऑटो स्विच स्वस्तात मिळाला असता. पण लाईट आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर लोड येतो. डीपी जळाली की मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही.

मला वाटलं होतं, अण्णांची रात्र वाचेल. वाचली ती घर ते विहीर एवढी एक खेप. गव्हाला पेरणीनंतर विसाव्या-एकविसाव्या दिवशी पाणी लागतंच, तेव्हा मुकुटमुळं फुटतात. नोव्हेंबर मध्याची पेरणी धरली तर ते दिवस नेमके डिसेंबरच्या थंडीत येतात. त्यात रात्रपाळीचा आठवडा आला तर गहू थांबत नाही. मोटार फोनवर चालू होते, पण दारं धरायला माणूसच लागतो. हरभऱ्याला तुषार लावले तर दर काही तासांनी मोटार बंद करून ओले पाईप खांद्यावर घेऊन पुढे न्यायचे. पाच अंशांत, चिखलात, अनवाणी, कारण चिखलात चप्पल टिकत नाही. भावाकडे यंत्राला शेकतात म्हणजे माणसाला बाहेर थांबावं लागत नाही. आमच्याकडे यंत्र सुरू झालं की माणूस बाहेर पडतो.

त्या पेटीचा रिचार्ज मीच करते, म्हणून तिच्यात माझाही नंबर आहे. माझ्या फोनमध्ये ती ‘मोटार’ नावाने सेव्ह आहे. रात्री बारा-सव्वाबाराला मेसेज येतो: मोटार चालू झाली आहे. म्हणजे अण्णा मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन बांधावर उतरलेत. त्यानंतर पुण्यात मला झोप नाही. अडीच-तीनला ‘मोटार बंद’ आलं की पाईप बदलायला लागले असं समजायचं. मग पुन्हा ‘चालू’ येईपर्यंत मी मिनिटं मोजते. वीस मिनिटं ठीक. पाऊण तास झाला की साप, घसरणं, छातीत कळ, सगळं डोळ्यांपुढे येतं. सौर पंपाचा अर्ज भरलाय. तो लागला की पाणी दिवसा देता येईल. अर्जाचं काय झालं तेही याच फोनवर बघते.

गेल्या रात्रपाळीत ‘बंद’ येऊन पन्नास मिनिटं झाली. न राहवून फोन केला. बराच वेळ वाजला.

“काय गं, झोपली नाहीस?”

“मोटार का चालू केली नाही?”

“शेजारच्या धुऱ्यावर शेकोटी केलीय पोरांनी. जरा शेकायलोय. तू झोप.”

दहा मिनिटांनी मेसेज आला.