फडताळांतील दोन कॅसेटी

आमच्या पोथ्यांच्या फडताळांत, अमरकोशाच्या मागें, तांबड्या फडक्यांत बांधलेल्या दोन कॅसेटी आहेत. बाहेरून पाहणारास ती एखादी लहानशी पोथीच वाटावी, अशा बेतानें आम्हीं त्या बांधल्या आहेत. चाळीस वर्षें हें गाठोडें आम्ही लपवीत आलों. संस्कृताचा मास्तर, आणि त्यास नाझिया हसनच्या गाण्यांचें वेड, हें ऐकून सुज्ञ वाचक हंसतील. परंतु आतां सेवानिवृत्त होऊन सहा वर्षें झालीं, हंसणारे विद्यार्थी समोर नाहींत, आणि हंसें झालेंच तर त्याची भीति वाटण्याचें वयहि राहिलें नाहीं.

गोष्ट १९८० सालची. मॅट्रिक होऊन आम्ही वाईस एका शास्त्रीबोवांजवळ व्याकरण शिकत होतों. वय एकोणीस. भाद्रपदांत गणपति बसले आणि समोरच्या मंडळानें नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून कर्णा लावला. आम्हीं कौमुदीचीं सूत्रें घोकावीं, आणि कर्ण्यानें 'कुर्बानी' चित्रपटांतील 'आप जैसा कोई' हें गाणें दिवसांतून वीस वेळां ऐकवावें, असा क्रम सुरू झाला. पहिल्या दिवशीं आम्हीं कान झांकले. दुसऱ्या दिवशीं झांकण्याचें विसरलों. तिसऱ्या दिवशीं वीज गेली, तेव्हां कर्णा कां थांबला हें पाहण्यास आम्हीच खिडकींत गेलों! शास्त्रीबोवांच्या हें ध्यानांत आलें असावें. ते म्हणाले, "अरे, ही पोर मुख आणि नासिका दोहोंनीं गाते. पाणिनीचें अनुनासिक हिला कोणीं शिकविलें?" आम्हीं धीर करून विचारलें, "आपणांस आवडलें का?" "आवडलें असें कोठें म्हटलें? उच्चार स्वच्छ आहेत, एवढेंच. हं, पुढचें सूत्र म्हण."

गाणारी पंधरा वर्षांची आहे, हें पुढें वर्तमानपत्रांतून कळलें. ३ एप्रिल १९६५ रोजीं कराचीस तिचा जन्म झाला. लहानपणीं पाकिस्तानच्या दूरचित्रवाणीवर मुलांच्या कार्यक्रमांत ती गात असे. बाकीचें बाळपण कांहीं कराचींत, कांहीं लंडनांत गेलें. तेथें फिरोझ खानांनीं तिचें गाणें ऐकलें आणि आपल्या चित्रपटांत तिला घेतलें. चाल बिद्दूची. हा गृहस्थ मूळ बंगळूरचा. विलायतेंत जाऊन त्यानें १९७४ सालीं 'कुंग फू फायटिंग' हें गाणें ध्वनिमुद्रित करून घेऊन नांव मिळविलें होतें. पडद्यावर तें गाणें म्हणते झीनत अमान, म्हणजे पूर्ण वाढलेली, मोहक स्त्री. आणि कानांवर येतो तो शाळकरी मुलीचा कोंवळा, किंचित् नाकांतला, न घोटलेला आवाज. त्या कंठांत मुरकी नाहीं, तान नाहीं, लाडिकपणाचा आवहि नाहीं. शिकविलेला पाठ एखाद्या हुशार मुलीनें भीड न धरतां खणखणीत म्हणावा, तसें तें गाणें आहे. १९८१ सालीं त्यास फिल्मफेअरचें पारितोषिक मिळालें. इतक्या लहान वयांत पार्श्वगायनाचें पारितोषिक तोंपर्यंत कोणास मिळालें नव्हतें. त्याच सालीं भाऊ झोहेब याच्याबरोबर तिनें 'डिस्को दीवाने' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिची कॅसेट आम्हीं आपल्या पैशानें विकत घेतली. वाजविण्याचें यंत्र आमच्यापाशीं नव्हतें. एका मित्राच्या घरीं रविवारीं दुपारीं, त्याचे वडील झोंपले असतां, आम्ही ती अगदीं हळू लावून ऐकत असूं.

काव्य म्हणून त्या गाण्यांत पाहण्यासारखें फारसें नाहीं, हें आम्ही तेव्हांहि जाणत होतों. मग हें आकर्षण कोणत्या जातीचें? साहित्यशास्त्र शिकलेल्या माणसास हा प्रश्न सोडवत नाहीं. त्यास शृंगार म्हणावा, तर तिचें चित्र पाहण्याची आम्हांस कधीं ओढ लागली नाहीं. वात्सल्य म्हणावें, तर ती आमच्याहून अवघी चार वर्षांनीं लहान. आम्ही एकोणीस वर्षांचे असून चाळीस वर्षांच्या माणसासारखे वागत होतों. घरांत अण्णांसमोर मोठ्यानें बोलण्याची सोय नव्हती, बोवांसमोर तर नव्हतीच. त्या मुलीच्या आवाजांत मात्र कोणाची परवानगी घेतल्याचा भास नव्हता. तेंच आम्हांस हवें होतें, आणि तें आपणांस हवें आहे हें कबूल करण्याचें धैर्य नव्हतें.

या भित्रेपणाचा दंड एका निरपराध मुलास भरावा लागला. १९८६ सालीं आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. नववीच्या वर्गांत शब्दरूपें चाललीं असतां मागच्या बांकावर खुसखुस झाली. जाऊन पाहतों तों एका मुलाच्या दप्तरांत 'यंग तरंग' ही नाझियाचीच कॅसेट. १९८४ सालीं निघालेली ही कॅसेट आमच्याहि घरीं, त्या तांबड्या फडक्यांत होती. ती उचलून मेजावर ठेवली असती आणि तास संपल्यावर परत दिली असती, तर कांहीं बिघडलें नसतें. परंतु सगळा वर्ग आमच्या तोंडाकडे पाहत होता, आणि आमच्या चेहऱ्यावर ओळख दिसली कीं काय, अशी भीति आम्हांस वाटली. आम्हीं त्या कॅसेटींतील फीत बोटानें उपसून काढली, सगळ्यांदेखत तिचा गुंता केला आणि तो केराच्या टोपलींत टाकला. वर "असल्या घाणीनें वाणी भ्रष्ट होते" असें व्याख्यानहि दिलें. मुलगा रडला नाहीं. "सर, ती माझ्या ताईची आहे," एवढेंच म्हणाला.

त्या रात्रीं जेवण गेलें नाहीं. पुढच्या रविवारीं पुण्यास जाऊन तीच कॅसेट नवी आणली, वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळली, आणि वर त्या मुलाचें नांव व इयत्ता लिहिली. मात्र देतांना काय बोलावें हें सुचेना. चूक झाली म्हणावें, तर शिस्तीचें काय? तुझ्यासारखेंच आम्हांसहि हें गाणें आवडतें म्हणावें, तर मास्तरकीचें काय? चाचणी परीक्षा झाली, सहामाही झाली, मग वार्षिक झाली. आणि वडिलांची बदली होऊन तो मुलगा गांव सोडून गेला. पुडकें राहून गेलें.

तिकडे ती मुलगी मोठी होत होती. १९८७ सालीं 'हॉटलाइन' आणि १९९२ सालीं 'कॅमेरा कॅमेरा' निघाल्यावर तिनें गाणें थांबविलें. लंडनांत ती कायदा शिकली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरींत कांहीं काळ तिनें काम केलें, अंमली पदार्थांविरुद्धच्या कार्यांत भाग घेतला. पंधराव्या वर्षीं मिळालेली कीर्ति हातांतलें भांडें खालीं ठेवावें तशी खालीं ठेवून ती दुसऱ्या कामास लागली, याचें आम्हांस तिच्या गाण्याहूनहि अधिक कौतुक वाटतें. आम्हांस खुर्ची सोडून त्या बांकापर्यंत जाववलें नव्हतें.

१३ ऑगस्ट २००० रोजीं लंडनांत फुप्फुसाच्या कर्करोगानें ती गेली. वय पस्तीस. आम्हांस तें स्वातंत्र्यदिनाच्या सकाळीं, झेंडावंदनास निघतांना वर्तमानपत्रांत दिसलें. कारगिलच्या युद्धास जेमतेम वर्ष झालें होतें. कराचीच्या एका गायिकेसाठीं आमचा कंठ दाटून आला आहे, हें त्या दिवशीं शाळेच्या पटांगणावर कोणास सांगणार? संध्याकाळीं परीक्षेस बसणारे दोन विद्यार्थी घरीं आले. रघुवंशाचा आठवा सर्ग चालला होता. फुलांची माळ अंगावर पडल्याचें निमित्त होऊन इंदुमती गेली आणि अज विलाप करीत आहे, हें सांगतां सांगतां आमचा आवाज बंद पडला. पोथी मिटून आम्ही उठलों. 'सरांना कालिदास किती भिडतो!' असें ते विद्यार्थी बाहेर सांगत फिरले. त्यांचा गैरसमज आम्हीं दूर केला नाहीं.

गेल्या दिवाळींत दहा वर्षांच्या नातीनें फडताळ झाडतांना गाठोडें सोडलें. घरांतील जुन्या यंत्रावर आम्हीं तिला 'डिस्को दीवाने'तील गाणें लावून दाखविलें. "आजोबा, हें तर आलिया भट्टचें गाणें!" असें ती म्हणाली. २०१२ सालच्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्यें तें पुन्हां घेतलेलें आहे, आणि त्यांतहि नाझियाचा मूळचा आवाज ठेवलेला आहे, हें तिला समजावून देण्यांत आमची अर्धी दुपार गेली. मग तिनें कागदांतील पुडकें उचललें आणि यावर कोणाचें नांव आहे, म्हणून विचारलें. आम्ही उत्तर जुळवीत होतों, तोंच स्वयंपाकघरांतून आमची पत्नी म्हणाली, "तें ठेव ग जागेवर. ज्याचें त्याला द्यायचें राहिलें आहे तें. अहो, तीस वर्षें मी तें नांव वाचतें आहें, कधीं देणार?"

तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडून गेला असेल. हें मासिक त्याच्या घरीं, किंवा त्याच्या ताईच्या घरीं येत असल्यास त्यांनीं संपादकांच्या मार्फत आपला पत्ता कळवावा. कॅसेट आम्ही स्वतः आणून देऊं.