निंबासाठी अर्ज

एरंडोलला आमच्या घराच्या परसात जुना निंब आहे. बहात्तरच्या दुष्काळातही तो सावली देत होता, असे आबा सांगत. गेल्या उन्हाळ्यात त्याची एक जाड फांदी शेजारच्या पत्र्यांवर ओणवली. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पावसाळ्याआधी तोडूनच टाकू. झाड आपलं, जागा आपली." त्याने मजूरही ठरवून ठेवला होता.

मी त्याला थांबायला सांगितले आणि नगरपालिकेत अर्ज दिला. तिथे नियम नीट समजले. शहराच्या हद्दीत 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा चालतो आणि खासगी परसालाही तो लागू आहे. झाड जाळणे किंवा त्याला कोणतीही इजा करणे हेही कायद्याच्या लेखी तोडणेच. म्हणून मोठ्या फांदीसाठीसुद्धा विचारावे लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी गाठलेले झाड हेरिटेज वृक्ष ठरते. ते तोडायचेच झाले, तर त्याचे वय जितके, तितकी नवी झाडे लावून जगवावी लागतात. शिवाय बुंध्यावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, गावाला हरकत घेता येते.

पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने टेपने घेर मोजला, खोड ठोकून पाहिले, मुळाशी माती उकरली. खोड निकोप होते. धोका होता तो त्या एका फांदीचा. वाळलेल्या, रोगट किंवा जिवाला धोकादायक झाडाला कायदा परवानगी नाकारत नाही, पण आमचा निंब त्यात बसत नव्हता. परवानगी फक्त फांदीपुरती मिळाली. भावाने स्वतः उभे राहून ती उतरवून घेतली. शेजारच्या काकूंचे पत्रेही वाचले.

शेतात नियम वेगळा. तिथे 1964 चा कायदा आहे. परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, अंजन आहेत, निंब नाही. बांधावरच्या निंबाला त्या यादीचा आधार नाही, याची मला काळजी वाटते. आधीच जळगाव-धुळे महामार्ग रुंद होताना कडेची जुनी झाडे गेली आणि खानदेशच्या उन्हात ती उणीव वाटसरूला रोज जाणवते.

परवानगी म्हणजे नुसते हेलपाटे, असे लोक म्हणतात. मला त्या अर्जाचे मोल एवढेच वाटते की, कुऱ्हाडीआधी कोणीतरी जाणत्या नजरेने झाड पाहते. तक्रार फांदीची असेल, तर अर्जही फांदीचाच करावा.