कपावर तुरीचं फूल

चिनी मातीच्या कपावर लावताना दिसतो तो रंग भट्टीतून बाहेर येत नाही. सोन्याच्या क्षारापासून केलेला गुलाबी रंग कुंचल्यावर मळकट जांभळट दिसतो आणि 800 अंशांच्या आसपास तापला की खुलतो. ताप कमी पडला तर तपकिरी झाक राहते, जास्त झाला तर निळसर. त्यामुळे या कामात डोळ्यांपेक्षा आठवणीवर भिस्त अधिक.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये चहाचे सेट असेच हातानं रंगवले जात. गुलाबाची एक रीत त्याआधी विल्यम बिलिंग्जलीनं (1758–1828) रुळवली होती. पाकळी आधी पूर्ण भरायची आणि रंग ओला असतानाच कोरड्या कुंचल्यानं उजेडाची जागा पुसून काढायची. मी हात बसवला तो याच गुलाबावर. रंगात लवंगेचं तेल घातलं की तो लवकर सुकत नाही, पुसायला सवड मिळते. तरी पुसायचं एकदाच. दुसऱ्यांदा कुंचला फिरला की पाकळीतला जीव जातो.

पण आळंदमध्ये बसून विलायती गुलाबच का काढायचा? 1870च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये जॉर्ज टेरी यांच्या पुढाकारानं भांडी घडू लागली आणि त्यांच्यावर अजिंठ्याची चित्रं उतरली. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या काळातली भांडी जरूर पाहा. आळंद ज्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे तो तुरीचा, म्हणून मी तुरीचं फूल निवडलं. तुरीचं फूल पिवळं, पाकळीच्या पाठीवर तांबड्या रेघा. या रेघांनी मला फार शिकवलं. लोहाचा तांबडा ओल्या पिवळ्यावर ओढला, तर भट्टीत पिवळा त्याला खाऊन टाकतो. म्हणून आधी पिवळा भाजून घ्यायचा, मग रेघा ओढून कप पुन्हा भट्टीत. एका फुलाला दोन भाजण्या लागतात, आणि ते फूल तेवढ्या मोलाचं आहे.

आपल्याकडे चहा बशीत ओतून पितात, त्यामुळे बशीचा मधला भाग आणि कपाचा काठ मी कोराच ठेवते. रंगही बिनशिशाचे घेते.

तुमच्या घरी आजीच्या काळातला रंगीत विलायती सेट असेल, तर तो राखेनं किंवा तारेच्या घासणीनं घासू नका; सोनेरी काठ आधी जातो. जुन्या रंगांत नि झिलईत शिसं असायचं, तेव्हा लिंबाचा चहा किंवा चिंचेचं सार त्यात ओतू नका. सेट कपाटात पाहण्यासाठी ठेवा आणि रोजच्या चहासाठी आजच्या कारागिराकडून नवा रंगवून घ्या.