नीसचं धिरडं



जूनमध्ये आम्ही फ्रान्समधल्या नीसला गेलो होतो. तिथे तेव्हा सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणून चौविहाराची काळजी नव्हती. काळजी होती ती खायचं काय याची. जुन्या गावातल्या एका छोट्या खानावळीत शिरलो. कांद्याच्या सूपमध्ये मांसाचं पाणी, रातातुईत कांदा-लसूण, पिसालादिएरवर कांदा आणि मासे. सासूबाई म्हणाल्या, "चल, पिशवीत खाखरे आहेत."

तेवढ्यात लाकडाच्या भट्टीतून तांब्याची भली मोठी परात बाहेर आली. सोक्का! मोबाइलवर भाषांतर करून दोनदोनदा विचारलं. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ आणि वरून मिरपूड. अंडं नाही, दही नाही, म्हणजे द्विदलाचाही प्रश्न नाही. आपलं बेसनाचं धिरडंच की!

पण कालथा? तोच पिसालादिएरला लावलेला मी पाहिला होता. सांगायला मला संकोच वाटला. सासूबाईंनी मात्र हात जोडले आणि कालथा धुण्याची खूण केली. मालकीणबाई हसल्या, कालथा धुऊन आणला.

कडेला करपलेला, आत मऊ, गरमागरम सोक्का आम्ही हातानेच खाल्ला. नियम पाळायला मी माहेरी शिकले. ते न लाजता सांगायला त्या दिवशी सासूबाईंकडून शिकले.