मधल्या माणसाला निवडलं कोणी?

१० जानेवारी १९२७ला बर्लिनमध्ये ‘मेट्रोपोलिस’ पहिल्यांदा दाखवला गेला. मूकपट, दिग्दर्शक फ्रिट्झ लँग. आज पडद्यावर आपण जे ‘भविष्यातलं शहर’ म्हणून ओळखतो, म्हणजे गगनचुंबी टॉवर, त्यांच्यामधून जाणारे रस्ते, माणसाचा चेहरा लावलेला रोबो, त्यातलं बरंच काही इथून आलंय. वर श्रीमंतांच्या बागा, खाली यंत्रं, त्याच्याही खाली कामगारांची घरं. सिनेमा लँगची बायको थिआ फॉन हार्बू हिच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आहे. पटकथेतही तीच होती.

या थिआचा पुढचा नवरा आपल्या बेळगावकडचा, बेळगुंदीचा! आयी गणपत तेंडुलकर. शिकायला जर्मनीला गेले आणि तिथेच पत्रकारिता करायला लागले. लँगशी घटस्फोट झाल्यावर थिआनं त्यांच्याशी गुपचूप लग्न केलं, कारण नाझी राजवटीत भारतीय माणसाशी उघड लग्न करणं तिला परवडणारं नव्हतं. आणि तीच थिआ नाझी पक्षाची सदस्यही होती. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले, इंग्रजांच्या तुरुंगात गेले, आणि नंतर त्यांनी इंदुमती गुणाजींशी लग्न केलं. त्यांच्या मुलीनं, लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी, या तिघांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय.

हे कळल्यावर मला प्रश्न पडला, की अशी बाई कामगारांबद्दल काय म्हणत असेल? म्हणून सिनेमा लावला. लालबागच्या आमच्या घरात, आजोबांच्या शेजारी बसून.

आजोबांनी गिरणीत साचे चालवले. साचेखात्याच्या आवाजानं त्यांचे कान कधीच गेलेत. मूकपट त्यांना सोयीचा! मधली इंग्रजी अक्षरं मी त्यांच्या कानाशी मराठीत ओरडून सांगत होतो.

सुरुवातीलाच पाळी बदलते. काळ्या कपड्यांतले कामगार मान खाली घालून दोन रांगांत चालतायत. आत जाणारी रांग एका चालीत, बाहेर येणारी त्याच्या निम्म्या वेगानं. पडद्यावर नुसती वाफ दिसते, आवाज नाही. आजोबा म्हणाले, “भोंगा झाला.” मग थोड्या वेळानं, “रातपाळी सुटली की आम्ही अस्सेच चालायचो.”

पुढे मालकाचा मुलगा फ्रेडर खाली उतरतो, कामगारांचे हाल बघून हादरतो. मारिया कामगारांना धीर देते, की तुमच्यासाठी बोलणारा कुणीतरी मध्यस्थ येईल. मालक तिच्यासारखी दिसणारी यंत्र-मारिया करवतो, ती कामगारांना भडकवते, यंत्रं फुटतात, वस्तीत पाणी शिरतं. शेवटी चर्चच्या दारात फ्रेडर बापाचा हात फोरमनच्या हातात देतो. वरचं डोकं आणि खालचे हात यांच्यामध्ये हृदय हवं, असं तात्पर्य. पुढे खुद्द लँगनंच या शेवटाबद्दल नापसंती बोलून दाखवली.

“हा तर जॉबर!” आजोबा म्हणाले. खरंच. हाच फोरमन सुरुवातीला कामगारांच्या खिशात सापडलेले नकाशे मालकाला नेऊन देतो.

“आणि मधला मालकाचा पोरगा. त्याला निवडला कोणी?”

हे आजोबा सहज बोलले नव्हते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यात आजोबाही होते. आपल्याला वाटतं की भांडण फक्त पगार-बोनसचं होतं. पण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी बोलायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार उभे होते दत्ता सामंतांच्या मागे. तो कायदा काढा, आम्ही निवडू त्याच्याशी बोला, हीसुद्धा संपाची मोठी मागणी होती. म्हणजे गिरणगावात मध्यस्थ नव्हता असं नाही. होता, कायद्यानं नेमलेला. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या.

मी आज लोअर परळला, अशाच एका गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत कोड लिहितो. आमच्याकडे भोंगा नाही, फोन वाजतो. रात्री दोनला सर्व्हर पडला की ज्याचा ऑन-कॉल असेल त्यानं उठायचं, सकाळी दहाच्या मीटिंगला हजर राहायचं. भत्ता नाही. आमच्याशी बोलायला एचआरची एक मुलगी आहे. मनापासून ऐकते, वहीत लिहून घेते. ती वाईट नाही. फ्रेडरही वाईट नव्हता. पण तिचं रिपोर्टिंग वर आहे, आमच्याकडे नाही.

गेल्या महिन्यात आम्ही सात जणांनी मिळून रात्रीच्या भत्त्याबद्दल मेल लिहिली. दोन दिवसांत गोड उत्तर आलं. चर्चा करू, तुमच्या बाजूनं तुमचा टीम लीड बसेल, त्याचं नाव आम्ही कॅलेंडरमध्ये टाकलंय. लीड आमचा मित्रच आहे. आमचं अप्रेझलही तोच लिहितो.

दोघांचं म्हणणं पडलं, की जाऊ दे, निदान मीटिंग तरी मिळाली. एकाचं घराचं कर्ज चालू आहे, त्याला घाबरट कोण म्हणणार? तासभर वाद झाला. शेवटी सातही जणांच्या सहीनं एका ओळीचं उत्तर गेलं: आमच्या बाजूनं कोण बसेल ते नाव आम्ही कळवू.

अजून काही आलेलं नाही.